नकाशा, माणसं आणि बाजार: आंतरराष्ट्रीय मार्केटिंगविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

परदेशी बाजाराचा अभ्यास सुरू झाला की पहिल्या पानावर बहुधा दोनच आकडे असतात: तो देश किती लांब आहे आणि तिथे किती लोक राहतात. दोन्ही आकडे खरे असतात, पण त्यांवरून काढलेले निष्कर्ष बऱ्याचदा चुकतात. खालचे प्रश्न निर्यातीत नव्याने उतरणारे विचारतात, मार्केटिंग शिकणारे विचारतात आणि या धंद्यात मुरलेली मंडळीही अधूनमधून विचारतात.

इंटरनेटने जग जवळ आणलं. मग भूगोलाचं ओझं अजून कशाला वाहायचं?

ऑर्डर क्षणात येते, माल मात्र अजून जहाजानेच जातो. आकारमानाच्या हिशेबाने जगातला सुमारे ८० टक्के मालव्यापार समुद्रमार्गे होतो. जहाजांचा वेग गेल्या काही दशकांत फारसा वाढलेला नाही. उलट इंधन वाचवण्यासाठी कित्येक कंपन्या ती मुद्दाम सावकाश चालवतात.

डच अर्थतज्ज्ञ यान टिनबर्गन यांनी १९६२ मध्ये एक साधं सूत्र मांडलं. दोन देशांमधला व्यापार त्यांच्या अर्थव्यवस्थांच्या आकाराबरोबर वाढतो आणि त्यांच्यातल्या अंतराबरोबर घटतो. न्यूटनच्या नियमाशी असलेल्या साम्यामुळे त्याला गुरुत्व प्रारूप म्हणतात. (टिनबर्गन पुढे १९६९ च्या पहिल्याच अर्थशास्त्राच्या नोबेलचे सहमानकरी झाले.) त्यानंतर कंटेनर आले, स्वस्त विमानप्रवास आला, समुद्रतळाशी केबल पडल्या, तरी अंतराचा परिणाम पुसला गेलेला नाही. कारण अंतरात फक्त वाहतुकीचं भाडं नसतं. ग्राहकाचा आणि आपला कामाचा वेळ जुळतो का, तक्रार आली तर माणूस दुसऱ्या दिवशी तिथे पोचतो का, त्यांच्या सवयी आपल्याला मुळात ठाऊक आहेत का, हे सगळं अंतराबरोबर बदलत जातं.

अंतर म्हणजे किलोमीटरच ना? मग नकाशावर पट्टी ठेवली की झालं.

पट्टी ठेवून फसलेले पुष्कळ आहेत. मोजायचा असतो तो रस्ता, आणि त्या रस्त्याचा कोणता तुकडा पाण्यावर आहे हे.

एप्रिल १९५६ मध्ये माल्कम मॅक्लीन या अमेरिकी ट्रक-व्यावसायिकाने 'आयडियल एक्स' नावाच्या जहाजावर ५८ धातूच्या पेट्या, म्हणजेच कंटेनर, चढवून नेवार्कहून ह्यूस्टनला पाठवल्या. सुटा माल हमालांकरवी चढवायला टनामागे ५.८६ डॉलर लागत; पेट्यांमुळे तोच खर्च १६ सेंटांच्या आसपास आला. तेव्हापासून हिशेब उलटापालटा झाला. समुद्रावरचे हजारो किलोमीटर स्वस्त पडतात आणि बंदरापासून आतल्या गोदामापर्यंतचे शेवटचे काहीशे किलोमीटर महाग.

याचा सर्वांत मोठा फटका भूवेष्टित, म्हणजे समुद्रकिनारा नसलेल्या, देशांना बसतो. जगात असे ४४ देश आहेत. इथिओपियाचंच घ्या. १९९३ मध्ये एरिट्रिया स्वतंत्र झाला आणि इथिओपियाचा किनारा गेला. आज १२ कोटींहून अधिक लोकांच्या या देशाचा ९० टक्क्यांहून जास्त व्यापार शेजारच्या चिमुकल्या जिबूतीच्या बंदरांतून होतो. इथिओपियात माल विकायचा तर जिबूतीचं बंदर, तिथली गर्दी आणि सीमेवरची कागदपत्रं हे सगळं तुमच्या किमतीत येऊन बसतं. उझबेकिस्तानची गत तर आणखी न्यारी आहे: त्याचे सगळे शेजारीही भूवेष्टितच. समुद्र गाठायला किमान दोन सीमा ओलांडाव्या लागतात, आणि प्रत्येक सीमेवर ट्रक किती तास उभा राहील हे कोणत्याही नकाशावर छापलेलं नसतं.

वस्तू हलकी, महाग आणि नाशवंत असेल तर गणित पुन्हा बदलतं. केनियातल्या नैवाशा सरोवराकाठचे गुलाब विमानाने नेदरलँड्सच्या लिलावात पोचतात. विषुववृत्ताजवळचं ऊन आणि उंचावरची थंड हवा यांमुळे तिथे बारा महिने फूल मिळतं, आणि गुलाबाची किंमत विमानाचं भाडं पेलू शकते. जागतिक व्यापारात हवाई मालवाहतुकीचा वाटा वजनाने एक टक्क्याहूनही कमी, पण मूल्याने जवळपास एक तृतीयांश आहे. तेव्हा 'हा देश लांब आहे का' हा प्रश्न अर्धवट आहे. कोणत्या वस्तूसाठी लांब, ते आधी सांगावं लागतं.

कालवे आणि सामुद्रधुन्या ही जहाज कंपन्यांची डोकेदुखी. मार्केटिंगवाल्याने त्यात का पडावं?

कारण ग्राहकाला तारीख मार्केटिंगवालाच देतो.

२३ मार्च २०२१ रोजी 'एव्हर गिव्हन' हे ४०० मीटर लांबीचं जहाज सुएझ कालव्यात आडवं अडकलं आणि सहा दिवस कालवा बंद राहिला. तेव्हा जगातला सुमारे १२ टक्के व्यापार त्या अरुंद पाण्यातून जात होता. पण ते सहा दिवस म्हणजे काहीच नव्हे: १९६७ च्या युद्धानंतर हाच कालवा आठ वर्षं बंद होता. २०२३ च्या अखेरीस लाल समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले, तेव्हा बड्या कंपन्यांनी आपली जहाजं केप ऑफ गुड होपला वळसा घालून नेली. आशिया ते युरोप या फेरीत दहा दिवसांच्या आसपास भर पडली. ज्याने सणाच्या हंगामासाठी जाहिरातीची जागा आधीच विकत घेतली होती, त्याची जाहिरात वेळेवर झळकली आणि माल पाण्यावरच राहिला.

पनामाची गोष्ट वेगळी आहे, आणि मला ती अधिक बोलकी वाटते. तिथे ना युद्ध होतं ना अपघात, फक्त पाऊस कमी पडला. पनामा कालव्याच्या पायऱ्या-पायऱ्यांच्या दरवाजांना गातून सरोवराचं गोडं पाणी लागतं. एक जहाज पलीकडे जाताना सुमारे २० कोटी लिटर पाणी समुद्रात जातं. २०२३ च्या अवर्षणात सरोवराची पातळी घसरली आणि दिवसाला ३६ च्या आसपास जाणारी जहाजं २२ ते २४ वर आली. एका उष्णकटिबंधीय सरोवरातला पाऊस तिसऱ्याच खंडातल्या दुकानाच्या फळीवर काय दिसेल हे ठरवतो.

यातून घ्यायचं ते इतकंच: माल कोणत्या चिंचोळ्या वाटेने जातो हे विक्री विभागाला माहीत असू द्या आणि हंगामी वस्तूची जाहिरात माल बंदरात उतरल्याशिवाय पक्की करू नका.

हवामान बदललं की वस्तूही बदलावी लागते का?

बऱ्याचदा हो, आणि औषधांच्या बाबतीत तर ते नियमातच लिहिलेलं आहे. औषध किती काळ टिकतं हे तपासण्यासाठी जगाचे हवामानानुसार विभाग पाडलेले आहेत. समशीतोष्ण विभागासाठी दीर्घकालीन चाचणी २५ अंश सेल्सिअस आणि ६० टक्के आर्द्रतेत होते. उष्ण आणि अतिदमट विभागासाठी ३० अंश आणि ७५ टक्क्यांत. पहिल्या विभागात दिलेली मुदत दुसऱ्या विभागात तशीच छापता येत नाही. चाचणी पुन्हा करावी लागते, आणि कधी वेष्टनही बदलावं लागतं.

उंचीचाही विचार हवा. बोलिव्हियातलं ला पाझ समुद्रसपाटीपासून ३,६०० मीटरवर आहे. तिथे पाणी ८८ अंशांच्या आसपासच उकळतं, त्यामुळे पाकिटावर 'दोन मिनिटं उकळा' असं छापलं तर पदार्थ कच्चा राहतो. अमेरिकेत केकच्या तयार मिश्रणाच्या खोक्यावर डोंगराळ भागासाठी वेगळी कृती छापण्याची जुनी रीत आहे. समुद्रकाठी हवाबंद केलेलं पाकीट उंचावर टम्म फुगतं आणि शिवण कच्ची असेल तर फुटतं. या गोष्टी क्षुल्लक वाटतात, पण ग्राहक त्यांवरूनच मत बनवतो.

दोन गोलार्धांत ऋतू उलटे असतात. त्याचा फायदा कसा घ्यायचा?

फळांच्या व्यापाऱ्यांनी तो केव्हाच घेतला. न्यूझीलंडची झेस्प्री ही कंपनी उत्तर गोलार्धात, इटलीसारख्या देशांतही किवी पिकवून घेते, म्हणजे वर्षभर तेच नाव दुकानात राहतं. ग्राहकाला ऋतू संपल्याचं कळतही नाही, आणि नाव विस्मरणात जायला वाव मिळत नाही.

चिलीची चेरी हे त्याहून धीट उदाहरण. चिलीत डिसेंबर-जानेवारीत चेरी तोडणीला येते, नेमकी चिनी नववर्षाच्या तोंडावर. लाल, गोल, खोक्यात सजवलेली चेरी चीनमध्ये सणाची भेट झाली आणि चिलीच्या चेरी-निर्यातीपैकी बहुतांश माल एकट्या चीनला जाऊ लागला. खास जलद जहाजं तीन-साडेतीन आठवड्यांत प्रशांत महासागर ओलांडतात. भूगोल, हंगाम आणि सण असे तिन्ही धागे एकाच गाठीत बांधले की नफा मोठा होतो आणि जोखीमही तेवढीच. जानेवारी २०२५ मध्ये तेराशेहून अधिक कंटेनर चेरी घेऊन निघालेल्या एका जहाजाचं इंजिन भर समुद्रात बंद पडलं. नववर्ष २९ जानेवारीला होतं. जहाज पोचलं ते फेब्रुवारीत.

कपडे आणि वातानुकूलन यंत्रं विकणाऱ्यांना यातला दुसरा फायदा मिळतो: एका गोलार्धात हंगाम संपल्यावर उरलेला माल दुसरीकडे हंगामाच्या सुरुवातीला पाठवता येतो. मात्र 'उरलेला माल' हा वास ग्राहकाला लवकर येतो. फॅशनमध्ये हे जपून करावं.

एक देश म्हणजे एक बाजार असं धरून चालतं का?

राजकीय नकाशा कर आणि कायद्यासाठी बघा. विक्रीसाठी लोकसंख्येच्या घनतेचा नकाशा समोर ठेवा, तो फार वेगळा दिसतो.

इजिप्तचं क्षेत्रफळ १० लाख चौरस किलोमीटर आहे, पण सुमारे ९५ टक्के लोक नाईलच्या काठाने आणि तिच्या त्रिभुज प्रदेशात, जमिनीच्या पाचेक टक्के भागात राहतात. वितरकाच्या दृष्टीने तो लांबट, दाट आणि गाठायला सोपा बाजार आहे. कॅनडा क्षेत्रफळात जगात दुसरा. पण तीनपैकी दोन कॅनेडियन अमेरिकेच्या सीमेपासून १०० किलोमीटरच्या पट्टीत सापडतात. इंडोनेशियात १७,००० हून अधिक बेटं, आणि निम्म्याहून अधिक लोक एकट्या जावावर. जावापुरतं वितरण उभं केलं तर निम्मा देश हाती येतो. उरलेला निम्मा गाठायला लागणारा खर्च मात्र जावाच्या कैक पट असतो. कित्येक कंपन्या तिथेच थांबतात आणि अहवालात 'इंडोनेशियात पोचलो' असं लिहितात.

उलट दिशेनेही पाहायला हवं. स्वित्झर्लंड लहान, पण आल्प्सच्या दऱ्यांनी आणि भाषांनी विभागलेला. जर्मन, फ्रेंच, इटालियन आणि रोमान्श या चार राष्ट्रीय भाषा आहेत. फ्रेंचभाषक स्विस माणूस फ्रान्सच्या वाहिन्या बघतो, जर्मनभाषक जर्मनीच्या. तेव्हा स्वित्झर्लंडसाठी एकच जाहिरात-मोहीम आखणं म्हणजे निम्म्या लोकांशी न बोलणं.

जाहिरातीत किंवा वेबसाइटवर नकाशा वापरला तर चालेल का?

अगदी गरज असेल तरच. सीमावाद जिथे आहे तिथे प्रत्येक देश आपलाच नकाशा खरा मानतो. विंडोज ९५ मध्ये प्रमाणवेळ निवडायच्या छोट्याशा नकाशात काश्मीरचे काही ठिपके वेगळ्या रंगात दिसले, तेवढ्यावरून मायक्रोसॉफ्टला भारतात मोठा मनस्ताप झाला. जानेवारी २०१८ मध्ये मॅरियटच्या एका प्रश्नावलीत तिबेट, हाँगकाँग, मकाऊ आणि तैवान हे 'देश' म्हणून नोंदवलेले आढळले आणि चीनमधलं त्यांचं संकेतस्थळ आठवडाभर बंद ठेवावं लागलं. देश निवडण्याच्या यादीला 'देश किंवा प्रदेश' असं शीर्षक देण्याची पद्धत अशाच अनुभवांतून आली आहे.

लोकसंख्या जास्त तिथे बाजार मोठा, इतकं तरी खरं ना?

मिठासाठी आणि आगपेटीसाठी खरं आहे. पुढच्या प्रत्येक वस्तूला खिसा आणि वय हे दोन प्रश्न विचारावे लागतात.

खिशाबद्दल जर्मन संख्याशास्त्रज्ञ एर्न्स्ट एंगेल यांनी १८५७ मध्येच लिहून ठेवलं: उत्पन्न वाढतं तसा खर्चातला अन्नाचा वाटा कमी होत जातो. त्यामुळे गरीब आणि दाट वस्तीच्या देशात खाद्यपदार्थ, साबण, फोनचा रिचार्ज यांची बाजारपेठ प्रचंड असते, आणि त्याच देशात विम्याची किंवा प्रवासाची बाजारपेठ नखाएवढी. शाम्पूच्या एकदाच वापरायच्या पुड्या याच गणितातून आल्या. रोजच्या हातातल्या पैशात जेवढं येईल तेवढंच पाकीट.

भारताने २०२३ मध्ये लोकसंख्येत चीनला मागे टाकलं, ही बातमी जगभर छापून आली आणि कित्येक सादरीकरणांची पहिली स्लाइड झाली. विक्रेत्यासाठी त्यामागची दुसरी बातमी मोठी होती. चीनची लोकसंख्या २०२२ पासून घटू लागली आहे, आणि भारतातला जननदरही आता बदली पातळीच्या, म्हणजे लोकसंख्या टिकून राहायला लागणाऱ्या बाईमागे २.१ मुलांच्या, खाली आला आहे.

मध्यक वय म्हणजे काय, आणि त्याचं एवढं कौतुक का?

देशातल्या सगळ्या माणसांना वयाप्रमाणे ओळीत उभं केलं तर बरोबर मधल्या माणसाचं वय म्हणजे मध्यक वय. जपानमध्ये ते ४९ च्या आसपास आहे, नायजेरियात १८, नायजरमध्ये १५-१६. सगळ्या जगाचं सुमारे ३१. या एका आकड्यावरून तुम्हाला कळतं की बहुसंख्य ग्राहक शाळेत आहेत, पहिल्या नोकरीत आहेत की निवृत्तीच्या उंबरठ्यावर.

माझं स्पष्ट मत असं की व्यवसायात भविष्याबद्दल इतकी खात्रीची माहिती दुसरी नाही, आणि तिच्याइतकं दुर्लक्ष दुसऱ्या कशाकडे होत नाही. पुढच्या वर्षीचा डॉलर कुणी सांगू शकत नाही. पण वीस वर्षांनी वीस वर्षांचे असणारे सगळे आज जन्मलेले आहेत, त्यांची मोजदाद करता येते. लोकसंख्या मनोरा, म्हणजे वयोगटांच्या पट्ट्या एकावर एक रचलेली आकृती, काढून पाहिला की कुठला वयोगट फुगणार आणि कुठला आटणार हे डोळ्यांना दिसतं.

चीनमध्ये एक मूल धोरण २०१५ च्या अखेरीस संपलं. बाळांचं दूध, लंगोट, ढकलगाड्या बनवणाऱ्यांनी मोठ्या आशेने गुंतवणूक केली. २०१६ मध्ये पावणेदोन कोटींहून अधिक बाळं जन्मली, आणि मग आकडा घसरतच गेला. २०२३ मध्ये तो ९० लाखांवर आला होता. धोरण बदललं तरी आई होण्याच्या वयातल्या स्त्रियांची संख्या आधीच्या तीन दशकांत ठरून गेली होती. ती मनोऱ्यात दिसत होती, फक्त बघायला हवी होती.

अर्थात, जन्मदराचा अंदाज दरवेळी इतका सरळ नसतो. दक्षिण कोरियाचा जननदर २०२३ मध्ये ०.७२ पर्यंत उतरला, आणि इतकं खाली जाणं फार कमी जणांनी गृहीत धरलं होतं. कधी श्रद्धाही आकडा हलवते. जपानी पंचांगात साठ वर्षांनी 'अग्नी-अश्व' वर्ष येतं. त्या वर्षी जन्मलेल्या मुली तापट निघतात अशी समजूत आहे. १९६६ हे तसं वर्ष होतं आणि त्या एका वर्षात जन्म सुमारे २५ टक्क्यांनी घटले. सहा वर्षांनी पहिलीच्या वर्गात, अठरा वर्षांनी कॉलेजच्या प्रवेशात आणि पुढे नोकरभरतीत तोच खळगा पुढे सरकत गेला. त्यानंतरचं अग्नी-अश्व वर्ष २०२६.

म्हातारा होत चाललेला देश सोडून द्यावा का?

मुळीच नाही. जपानमध्ये ६५ वर्षांवरचे लोक २९ टक्क्यांच्या आसपास आहेत. १९४९ मध्ये तिथे सुमारे २७ लाख बाळं जन्मली होती, २०२४ मध्ये सात लाखांहूनही कमी. ओजी होल्डिंग्ज या कागद उद्योगाने २०२४ मध्ये जपानसाठी बाळांचे डायपर बनवणं थांबवलं आणि प्रौढांच्या डायपरवर लक्ष वळवलं. तीच कंपनी बाळांचे डायपर मलेशिया आणि इंडोनेशियात विकत राहिली. कारखाना, कच्चा माल आणि तंत्र तेच, देशाचं वय बदललं म्हणून ग्राहक बदलला. लोकसंख्येचा कल समजून घेऊन वागणं म्हणजे काय याचं इतकं सरळ उदाहरण दुसरं मला माहीत नाही.

वयस्कर बाजारात पैसा असतो, वेळ असतो, आणि चोखंदळपणाही असतो. चूक होते ती जाहिरातीच्या भाषेत. सत्तरीच्या ग्राहकाला 'ज्येष्ठांसाठी खास' असं लिहिलेली वस्तू नको असते. त्याला मोठी अक्षरं, हाताला सहज उघडणारं झाकण आणि माणसाने उचललेला फोन हवा असतो, आणि ही सोय उगाच मिरवलेली नको असते.

लोकसंख्या घटली की मागणी घटणारच ना?

तुमचा माल माणूस विकत घेतो की घर, त्यावर ते अवलंबून आहे. फ्रिज, वॉशिंग मशीन, राउटर, पडदे हे घरामागे एक असतात. २०१५ ते २०२० या काळात जपानची लोकसंख्या घटली, पण कुटुंबांची संख्या वाढली, कारण एकट्याने राहणारे वाढले. २०२० च्या जनगणनेत एकट्या माणसाची घरं ३८ टक्के होती. जर्मनीतही चाळीस टक्क्यांच्या आसपास घरांत एकच माणूस राहतो. तिथे मोठं, बचतीचं पाकीट खपत नाही. छोटा कुकर आणि अर्धा पाव खपतो, जास्त दर देऊन खपतो.

शहरीकरणामुळे काय बदलतं?

वितरण स्वस्त होतं आणि स्पर्धा महाग. २००७ च्या सुमारास जगातली निम्मी माणसं शहरांत राहू लागली. आफ्रिकेतली शहरं अजून वेगाने वाढताहेत, आणि २०५० पर्यंत जगातल्या चारपैकी एक माणूस आफ्रिकी असेल असा संयुक्त राष्ट्रांचा अंदाज आहे. पण शहर वाढतं तेव्हा पत्ते त्याच वेगाने वाढत नाहीत. नवीन वस्त्यांना रस्त्याचं नाव नसतं, घरांना क्रमांक नसतो. मग घरपोच सेवा मोबाइल नंबर आणि खुणांवर चालते. ऑनलाइन विक्रीचा आराखडा करताना पत्त्याच्या रकान्यात पिनकोड सक्तीचा ठेवलात तर तुम्ही अर्धे ग्राहक दारातूनच परत पाठवाल.

स्थलांतरितांचा बाजारावर परिणाम किती?

मोठा, आणि दोन्ही टोकांना. २०२४ मध्ये जन्मदेशाबाहेर राहणारी माणसं सुमारे ३० कोटी होती. ती जिथे जातात तिथे आपली चव, सण आणि भाषा नेतात. जिथून येतात तिथे पैसे पाठवतात. २०२३ मध्ये कमी आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत असे ६५० अब्ज डॉलरच्या आसपास गेले. त्यातून शिक्षण, घरबांधणी आणि मोबाइल खरेदी होते. म्हणजे निर्णय एका देशात, पैसा दुसऱ्या देशातून. जाहिरात कुठे करायची? बहुधा दोन्हीकडे.

संयुक्त अरब अमिरातीत दहापैकी जवळजवळ नऊ रहिवासी परदेशी आहेत. कतारमध्ये सत्तर टक्क्यांहून अधिक रहिवासी पुरुष आहेत, कारण बांधकामासाठी आलेले कामगार एकटे येतात. अशा देशात 'स्थानिक ग्राहक' हा शब्दच तपासून घ्यावा लागतो.

स्थलांतर आणि भूगोल यांची गाठ कशी पडते हे पाहायचं तर सामोआ हा दोनेक लाख वस्तीचा बेटांचा देश पुरेसा आहे. अमेरिकी व्यापाऱ्यांच्या सोयीसाठी सामोआ १८९२ मध्ये आंतरराष्ट्रीय वाररेषेच्या, म्हणजे जी ओलांडली की वार आणि तारीख बदलते त्या रेषेच्या, अमेरिकी बाजूला गेला होता. शतकभरात चित्र पालटलं. सामोअन माणसं न्यूझीलंड आणि ऑस्ट्रेलियात जाऊन स्थायिक झाली, व्यापार त्यांच्याकडे वळला, आणि वाररेषा मध्ये आडवी आली: सामोआत शुक्रवार तेव्हा ऑकलंडमध्ये शनिवारची सुट्टी, सामोआत रविवारची प्रार्थना तेव्हा सिडनीत कामाचा सोमवार. आठवड्यातले कामाचे चारच दिवस जुळत होते. २००९ मध्ये सरकारने आधी वाहनं उजवीऐवजी डावीकडून चालवायला लावली, म्हणजे नातेवाइकांना ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडहून जुन्या गाड्या पाठवता येतील. मग ३० डिसेंबर २०११ हा दिवस दिनदर्शिकेतून गाळून देश वाररेषेच्या दुसऱ्या बाजूला नेला. ग्राहक, नातेवाईक आणि पुरवठादार जिकडे गेले, तिकडे देशाने आपला वारही नेला.

लोकसंख्येचे आकडे विश्वासार्ह असतात का?

देशागणिक फरक आहे. लेबनॉनमध्ये शेवटची अधिकृत जनगणना १९३२ मध्ये झाली. पंथांच्या प्रमाणावर सत्तेची वाटणी टेकलेली असल्याने मोजणीच कुणाला नको आहे. काँगोच्या लोकशाही प्रजासत्ताकात ती १९८४ मध्ये झाली, नायजेरियात २००६ मध्ये. या देशांचे जे आकडे तुम्ही वाचता ते अंदाज असतात. चांगले असतात, पण अंदाजच. तिथे गोल संख्या वापरा आणि दशांश चिन्हावर निर्णय घेऊ नका. मोबाइल जोडण्या, वीजजोडण्या, शाळेतली पटसंख्या यांच्याशी ताडून पाहिलं तर बरंच स्पष्ट होतं.

लहान निर्यातदाराने हे सगळं कसं पाहायचं? संशोधन विभाग तर नसतो.

एका देशासाठी एका दुपारचं काम आहे. आधी घनतेचा नकाशा आणि मुख्य बंदर शोधा, आणि त्या दोहोंमधला रस्ता. मग संयुक्त राष्ट्रांच्या संकेतस्थळावरून लोकसंख्या मनोरा घ्या, तो फुकट मिळतो. आपल्या वस्तूचा वयोगट पुढच्या दहा वर्षांत वाढतो की आटतो ते बघा. त्यानंतर सरासरी कुटुंबाचा आकार, म्हणजे पाकीट केवढं करायचं ते कळेल. हवामानाची अट असेल तर ती मात्र सर्वांत आधी, कारण तिथे अडलं तर बाकीची मेहनत वाया जाते. वाहतूक-एजंटला भाडं विचारण्याआधी मार्ग विचारा, आणि तो बंद पडला तर दुसरा कोणता हेही.

ही माहिती किती दिवसांनी पुन्हा तपासायची?

डोंगर आणि किनारे तपासायची गरज नाही. लोकसंख्येचे संयुक्त राष्ट्रांचे अंदाज साधारण दोन वर्षांनी सुधारून येतात. २०२२ च्या पाठोपाठ २०२४ ची आवृत्ती आली आणि तिने जगाची लोकसंख्या २०८० च्या दशकाच्या मध्यात सुमारे १,०३० कोटींवर जाऊन मग उतरू लागेल असं म्हटलं. नवी आवृत्ती आली की आपल्या देशांचे मनोरे पुन्हा काढा. जहाजांचे मार्ग आणि भाडी दर महिन्याला, हंगामी माल असेल तर दर आठवड्याला.